‘वर’ म्हणजे नेमकं कुठे

भांडायला जागा लागते. तोंड फिरवून बसायचं तर फिरवलेल्या तोंडासमोर निदान एखादी खिडकी हवी, रस्ता हवा, येणारं-जाणारं कुणी हवं. मास्तर आणि आत्या यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. जहाजाच्या मागच्या डेकवर साखळ्यांनी आवळून ठेवलेला एक लोखंडी कंटेनर, त्यात भिंतीला भिडलेलं लांब टेबल, टेबलावर ओळीने पडदे, दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि हे दोघं. पाण्याखाली जाणारं बिनमाणसाचं यान मास्तर इथूनच चालवायचे. त्या यानाच्या पुढे बसवलेला मेटल डिटेक्टर आत्या सांभाळायची. एकाचं दुसऱ्यावाचून पान हलायचं नाही असं काम, आणि दोघांचं बोलणं बंद!

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांना मास्तर म्हणायचे ते त्यांच्या खोडीमुळे. ‘ते जरा तिकडे घ्या’ असं कुणी म्हणालं की हे खुर्ची वळवून विचारणार, ‘‘ते म्हणजे काय, जरा म्हणजे किती, आणि तिकडे म्हणजे कुठे?’’ नवीन माणूस चार दिवसांत रडकुंडीला यायचा. पण पाण्याखाली काही दिसत नसताना ही खोडीच कामाला यायची, हे जुन्यांना ठाऊक होतं.

आत्या ही खरं तर एकट्या एका माणसाची आत्या. तिच्या भावाचा मुलगा डेकवर दोर ओढायच्या कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी त्याने लांबून हाक मारली, ‘‘आत्याऽऽ, चहा कुठे मिळतो गं?’’ संध्याकाळपर्यंत कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे तिला आत्या म्हणायला लागले. मास्तर तेवढे ‘आत्याबाई’ म्हणायचे, तेही बोलणं चालू होतं तोवर.

या भाच्याचं घरातलं नाव बेडक्या. लहानपणी तो पाण्याच्या टाकीत पडला होता. त्याच्या आईने, म्हणजे आत्याच्या वहिनीने, केसाला धरून बाहेर ओढला, तर हे कार्टं रडायचं सोडून खिदळत होतं. पोरगं ते विसरलं. वहिनी काही विसरली नाही. त्याला जहाजावर पाठवताना तिने नणंदेकडून शब्द घेतला. ‘‘दोर ओढू दे, रंग मारू दे, पण पाण्यात उतरता कामा नये. तुझ्या भरवशावर सोडतेय हं मी.’’ आत्याने शब्द दिला. देताना काय, शब्द हलकाच असतो.

बेडक्याने सुट्ट्या घालवून पाणबुड्याचं काम शिकून घेतलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही. आणि या मोहिमेत साहेबांनी त्याला डायव्हरांच्या तुकडीत घेतलं, ते मास्तरांनी त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून. साहेब म्हणजे सगळ्या सर्वेचे प्रमुख. आत्याला हे कळलं तेव्हा ती कंटेनरात अशी शिरली की पंखासुद्धा क्षणभर गप्प झाला असेल.

‘‘तुम्हाला कुणी सांगितला होता हा उद्योग?’’

‘‘पोरगं पाण्यात चांगलं आहे, आत्याबाई. मी बघितलंय त्याला. तुम्ही अडवून काय साधणार?’’

‘‘माझ्या वहिनीला तोंड कोण दाखवणार? तुम्ही?’’

‘‘जगायचंय ते त्याला. वहिनीला नाही आणि तुम्हालाही नाही.’’

त्यावर आत्या जे बोलली ते बोलायला नको होतं. ‘‘तुम्हाला पोरंबाळं नाहीत, म्हणून जमतं असं बोलायला.’’

मास्तरांनी खुर्ची वळवली नाही. ‘पोरंबाळं म्हणजे काय’ असंही विचारलं नाही. पडद्याकडे बघत बसले, आणि त्या दिवसापासून गप्प. बायको जाऊन किती वर्षं झाली होती, आणि मूल व्हावं म्हणून दोघांनी काय काय केलं होतं, ते या जहाजावर एकट्या आत्याला माहीत होतं. म्हणजे दुखणं कुठलं ते माहीत असूनच तिने तिथे बोट खुपसलं होतं. तिला रात्री अंथरुणावर लाज वाटायची. पण सकाळी खुर्चीत बसली की भाच्यावरून मास्तरांचा राग वर यायचा आणि लाज खाली बसायची. तिने आपली खुर्ची टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. तिथून मास्तरांचे पडदे दिसत नव्हते, म्हणून बरं वाटायचं.

बोलणं बंद, पण काम कसं बंद ठेवणार? मग शब्द उरले ते मोजके. ‘वर.’ ‘खाली.’ ‘थांब.’ कुत्र्याशीसुद्धा माणूस यापेक्षा लडिवाळ बोलतो.

आता हे काम काय होतं तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. किनाऱ्याजवळ विजेची केबल टाकायची होती. खोल पाण्यात ती गाडायला मोठं यंत्र असतं, पण उथळ पाण्यात ते चालत नाही. तिथे डायव्हर खाली उतरून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चर खणतात. आणि त्या तळाशी कुठल्याशा जुन्या लढाईतले बॉम्ब पडलेले होते. काही सापडले होते, काही नाही. म्हणून आधी यान पाठवायचं. त्याच्या पुढच्या दांड्यावर तीन मोठ्या कड्या, चिखलात पुरलेलं लोखंड जवळ आलं की त्या बोलतात. पडद्यावरची रेघ उसळी मारते. आत्याने ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय माणूस खाली जायचा नाही.

यानाचं कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं. डेकवर त्याला म्हैस म्हणायचे. रूप तसंच, आणि गुणही तसेच. चिखलात बसली की उठायचं नाव घेत नसे. मास्तर दांडी ओढत राहायचे, पंखे घुमत राहायचे, आणि म्हैस आपली तळाला चिकटून. मग कधीतरी तिची मर्जी झाली की चिखलाचा ढग उडवून उठायची.

मेख अशी की या कड्यांना आधी ‘काहीच नाही’ म्हणजे काय ते शिकवावं लागतं. खुद्द यानातच लोखंड असतं, खारं पाणीही थोडं बोलतं. ते सगळं धरून एकदा शून्य करायचं. त्यासाठी म्हैस तळापासून चांगली उंच न्यायची आणि मग बटण दाबायचं. तिथून पुढे जो फरक पडेल तेवढाच मोजायचा. लोखंडाच्या डोक्यावर बसून बटण दाबलं, तर यंत्र बिचारं त्या लोखंडालाच ‘काही नाही’ समजतं. म्हणून मास्तरांनीच कधी काळी पद्धत घालून दिली होती. त्यांनी म्हणायचं, ‘‘वर आलो, खाली मोकळं, उंची पुरेशी.’’ आत्याने म्हणायचं, ‘‘शून्य करतेय.’’ त्यांनी म्हणायचं, ‘‘करा.’’ मगच बटण. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आरतीसारखं तोंडपाठ.

बेडक्याच्या चराची पट्टी तपासायची होती त्या सकाळी मास्तर फक्त म्हणाले, ‘‘वर.’’ आणि आत्याने बटण दाबलं.

रेघ दिवसभर शांत होती. जरा खाली झुकलेली होती, पण पाणी गार होतं, गारठ्यात रेघ थोडी झुकतेच. यंत्र ओरडतं ते रेघ वर गेली तर, खाली गेल्यावर नाही. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या. आत्याने लिहून दिलं, मोकळं. लिहिताना तिचा हात जड झाला होता, पण तो वेगळ्या कारणाने. तिला काहीतरी सापडायला हवं होतं. एखादा नांगर, एखादं जुनं पिंप. काहीही, ज्याने पोराचं उतरणं लांबेल.

लांबवायचे प्रयत्न तिचे आधीच करून झाले होते. पहिल्यांदा साहेबांना म्हणाली, लाट जास्त आहे. साहेबांनी समुद्राकडे बघितलं, तो ताटातल्या पाण्यासारखा होता. मग म्हणाली, पोराला सर्दी आहे. बेडक्याने सगळ्यांच्या देखत नाक शिंकरून दाखवलं. लोक हसले. तीही हसली, दुसरं करते काय?

आणि रोज दुपारी दोरांच्या रिळामागे, जिथे फोनला रेंज यायची तिथे, वहिनीचा फोन.

‘‘वर आहे ना गं तो?’’

‘‘हो, वरच आहे.’’

खोटं नव्हतं. त्या त्या वेळी तो डेकवर असायचाच. आत्या एवढंच बोलून फोन ठेवायची आणि मनाला सांगायची, आपण खोटं बोललो नाही.

उतरायच्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बेडक्या डेकवर सूट चढवायला बसला. आत्या कंटेनरात गेली. काही कारण नव्हतं. पोरगं जिथे खणणार तो तुकडा एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढंच. मास्तर आपल्या टोकाला जॉयस्टिक पुसत बसले होते. तिने चारही फेऱ्यांच्या रेघा एकाखाली एक काढल्या.

सगळ्या सारख्याच झुकलेल्या. आणि एका ठिकाणी, चारही फेऱ्यांत त्याच एका ठिकाणी, रेघ हळूच चढत होती आणि बरोब्बर शून्यावर येऊन परत उतरत होती.

शून्य म्हणजे बरंच की, असं दुसरं कुणी म्हणालं असतं. पण आत्याची उभी हयात त्या रेघेसमोर गेली होती. समुद्राच्या तळाशी बरोब्बर शून्य कुठेच नसतं. जरासा फरक, जरासा थरथराट असतोच. बरोब्बर शून्य एकाच जागी येतं, जिथे तुम्ही शून्य केलं तिथे. ती जागा पट्टीच्या मधोमध होती. कालच्या सकाळी म्हैस जिथे चिखलात बसली होती, तिथे. आणि बाकी सगळीकडे रेघ खाली, कारण बाकी सगळीकडे ते लोखंड नव्हतं, जे इथे होतं.

बाहेर डेकवर कुणीतरी हसत होतं, हवेच्या नळीची जोडणी बघत होतं.

‘‘मास्तर.’’

इतक्या दिवसांनी आपलं नाव ऐकून मास्तरांच्या हातातलं फडकं थांबलं.

‘‘काल सकाळी तुम्ही ‘वर’ म्हणालात. तेव्हा म्हैस कुठे होती?’’

मास्तर वळले नाहीत. मग सावकाश वळले. ‘‘वर घेत होतो. उठत नव्हती. ‘वर घेतोय’ म्हणून ‘वर’ म्हणालो.’’

‘‘मला वाटलं, वर आलात.’’

‘‘तुम्ही ‘शून्य करतेय’ म्हणाला नाहीत.’’

‘‘तुम्ही ‘करा’ म्हणाला नाहीत.’’

कशी गंमत बघा, ‘तिकडे म्हणजे कुठे’ विचारून अख्ख्या जहाजाला पिडणारा हा माणूस, आणि त्याने ‘वर’ म्हणून सोडून दिलं होतं. वर म्हणजे कुठे, हे विचारायची अक्कल आत्यालाही झाली नव्हती. मास्तर उठून तिच्या टोकाला आले, रेघांवर वाकले आणि दाराकडे निघाले.

‘‘थांबा, मीच जाते. चूक माझ्या यंत्राची.’’

आत्या धावत डेकवर गेली. साहेब कठड्याशी उभे होते. बेडक्या शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता. ‘‘उतरू नका कुणी,’’ ती म्हणाली. ‘‘पट्टी मोकळी नाही. माझं शून्य चुकलंय.’’

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं रोज नवं पोटदुखीचं कारण सांगणाऱ्या पोराकडे शाळेत बघतात.

बेडक्या तर उसळलाच. ‘‘आत्या, पुरे ना आता! परवा लाट, काल सर्दी, आज शून्य! उद्या काय, समुद्र ओला आहे म्हणशील? माझी लाज काढायचीच ठरवलीयस का तू? जा, आईला सांग, मी नाही ऐकत.’’

लोक खाली मान घालून हसले. आणि आत्याला कळून चुकलं की आता तिने देवाशप्पथ घेतली तरी कुणाला पटणार नाही. तिची सगळी कारणं तिने आधीच खर्चून टाकली होती. भाचा डोळ्यांदेखत जाणार, आणि आपल्याच ‘मोकळं’वर विसंबून जाणार.

‘‘मी सांगतो,’’ मागून मास्तर म्हणाले. ‘‘म्हैस वर आली नव्हती. मी ‘वर’ एवढंच बोललो, पुढचं बोललो नाही. पुढचं का बोललो नाही, कारण मी रुसून बसलो होतो. या वयात. आता हसायचं तर मला हसा, पण पोराला खाली सोडू नका.’’

कुणी हसलं नाही. मास्तरांनी चारचौघांत स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी हात वर केला आणि नळी परत गुंडाळायला सांगितलं.

कंटेनरात शिरताना आत्या म्हणाली, ‘‘मास्तर, मी जे बोलले ना तेव्हा...’’

‘‘जे म्हणजे काय?’’ मास्तर खुर्ची ओढत म्हणाले.

‘‘पोरांवरून. चुकलं माझं. फार वाईट बोलले.’’

मास्तरांनी मान हलवली. म्हणाले, ‘‘खुर्ची इकडे घ्या. उंची दिसत नाही तुम्हाला तिथून.’’

म्हैस उतरली. या वेळी तळापासून कितीतरी उंच थांबली, खाली दिव्यात नुसतं हिरवट पाणी. ‘‘वर आलो, खाली मोकळं, उंची पुरेशी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘शून्य करतेय.’’ ‘‘करा.’’ मग ती सावकाश त्या जागेकडे गेली. एक खेकडा दिव्यासमोरून तिरका पळाला. बेडक्या दारात उभा राहून बघत होता, अर्धा सूट कमरेला लोंबकळत.

रेघ उसळली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळली. यंत्र किंचाळायला लागलं. आत्याने आवाज बंद केला. मग दारातून बेडक्या निघून गेला, आणि डेकवर त्याच्या ओकारीचा आवाज आला.

दुपारपर्यंत बॉम्ब हाताळणारे लोक आले. त्यांनी सांगितलं की आहे, मोठा आहे, आणि फवारा त्याच्या बाजूला मारला असता तर आम्हाला बोलवायची गरज उरली नसती. त्यांनी खूण लावली. साहेबांनी चराची पट्टी बरीच बाजूला सरकवली. ती नवी पट्टी दुसऱ्या दिवशी म्हशीने पिंजून काढली, एक-एक फेरी, प्रत्येक फेरीआधी तिन्ही वाक्यं. रेघ जराशी थरथरत राहिली. कुठेही शून्यावर बसली नाही, कुठेही उसळली नाही.

आत्या डेकवर आली तेव्हा बेडक्या तिची वाटच बघत होता. सूट चढवलेला होता, पण चेहरा एका दिवसात उतरला होता.

‘‘आत्या, काल मी काय काय बोललो...’’

‘‘राहू दे रे.’’

‘‘नाही, ऐक. आज तू नाही म्हणालीस ना, तर मी नाही उतरणार. कारण नाही विचारणार. साहेबांना सांगेन, माझंच पोट बिघडलंय. तू फक्त सांग.’’

घ्या! इतके दिवस जे मागत होती ते आयतं ओंजळीत येऊन पडलं. एक शब्द, आणि पोरगं वर. वहिनीला दिलेला शब्दही वर. आत्याने त्याच्याकडे बघितलं. कानामागे, लहानपणी टाकीची कड लागून झालेल्या जखमेचा वण अजून होता. नाही म्हणावं असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं की जीभ टाळूला लागली. पण पट्टी मोकळी होती. ती तपासणारी तीच होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वहिनी.

‘‘वर आहे ना गं तो?’’

आत्याने रिळाला टेकून डोळे मिटले. ‘‘वहिनी, आत्ता वर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘थोड्या वेळाने खाली जाणार आहे. पाण्यात. गेले कितीतरी दिवस तो तेच शिकत होता, आणि मी तुला अर्धंच सांगत होते. खालची जागा मी तपासलीय. परवा चुकले होते, आज नाही चुकले.’’

पलीकडे एक भांडं कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. आत्या शिव्यांची वाट बघत राहिली. रडण्याची वाट बघत राहिली. शब्द मोडला होता, जे येईल ते घ्यायचंच होतं.

‘‘मोकळं आहे असं तिथे कोण सांगतं?’’ वहिनीने विचारलं. आवाज फुटत होता.

‘‘मीच.’’

‘‘मग फोन ठेवू नकोस. मला ऐकू दे.’’

आत्या फोन तसाच हातात धरून कठड्याशी गेली. बेडक्याने शिरस्त्राण चढवलं आणि तिच्याकडे वळून थांबला. कंटेनराच्या दारात मास्तर उभे होते. आत्याने फोन तोंडाजवळ नेला, सगळ्या डेकला ऐकू जाईल एवढा आवाज काढला, आणि पूर्ण वाक्य बोलली.

‘‘खाली मोकळं आहे. मी बघितलंय. जा, बाळा.’’